सूर्यप्रकाशावर धावणाऱ्या नौका : शालेय स्पर्धेचे आयोजन

पाण्याची चणचण आणि उन्हाची सुबत्ता या दोन्ही गोष्टी बुलढाणा जिल्ह्यातील शाळकरी मुलालाही ठाऊक असतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग पाडले आहेत आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावे दोन्हीकडे आढळतात. अशा जिल्ह्यात नौकांच्या शर्यती भरविण्याची कल्पना प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. परंतु सौर पॅनेलवर चालणाऱ्या छोट्या नौकेस हातभर रुंद आणि वीतभर खोल पाणी पुरते.

सौर नौका हे केवळ खेळणे नव्हे. १९७५ मध्ये इंग्लंडमध्ये ॲलन फ्रीमन यांनी अशी पहिली नौका पाण्यात उतरविली. ‘प्लॅनेटसोलर’ या जहाजाने २०१० ते २०१२ या काळात निव्वळ सौरशक्तीवर पृथ्वीप्रदक्षिणा केली. आपल्या देशात २०१७ साली केरळमधील वैकोम येथे ‘आदित्य’ ही ७५ प्रवाशांची सौर फेरीबोट सुरू झाली. यामागील तत्त्व सातवी-आठवीच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने पडताळून पाहता येते, हे या स्पर्धेचे खरे प्रयोजन होय.

जागेचा प्रश्न प्रथम सोडविला पाहिजे. शेततळे जवळ आहे म्हणून तेथे स्पर्धा घेण्याचा मोह होईल. तो कटाक्षाने टाळावा. शेततळ्यातील प्लास्टिकचे अस्तर निसरडे असते व त्यात घसरलेल्या मुलास वर चढता येत नाही. लोणारचे सरोवर तर संरक्षित क्षेत्र असून २०२० मध्ये त्याचा रामसर स्थळांच्या यादीत समावेश झाला आहे. तेथे असा उपक्रम सर्वथा अनुचित ठरेल. शाळेच्या पटांगणातच विटांचे तीन थर रचावेत, बाहेरून मातीचा टेकावा द्यावा आणि आत ताडपत्री अंथरावी. आठ मीटर लांब, सव्वा मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर खोल पाणी भरण्यास सुमारे दीड हजार लिटर पाणी लागते. शर्यतीनंतर हे पाणी शाळेतील झाडांना घालावयाचे, असे आधीच ठरवून ग्रामपंचायतीस कळविल्यास पाण्यावरून कुरकुर होण्याचे कारण उरत नाही. दोन नौकांसाठी दोन समांतर दोऱ्या ताणाव्यात व प्रत्येक नौकेच्या नाकाशी लावलेली तारेची कडी दोरीत ओवावी, म्हणजे नौका भरकटत नाहीत.

निरभ्र दुपारी सूर्यासमोर धरलेल्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे १,००० वॅट सौरशक्ती पडते. दहा सेंटिमीटर लांब-रुंद पॅनेलच्या वाट्याला त्यातील दहा वॅट येतात आणि प्रत्यक्ष वीज मिळते ती दीड-दोन वॅट. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर नौका चालवावयाची असल्याने बारीकसारीक गोष्टींना महत्त्व येते. बुलढाणा उत्तर अक्षांश साडेवीस अंशांच्या आसपास आहे. फेब्रुवारीच्या मध्यास माध्यान्हीचा सूर्य येथे क्षितिजापासून सुमारे ५६ अंशांवर असतो. त्यामुळे आडव्या ठेवलेल्या पॅनेलला जवळजवळ एक षष्ठांश प्रकाश कमी मिळतो. ते दक्षिणेकडे कलते केल्यास ही तूट भरून निघते, मात्र उभारलेले पॅनेल वारा खाते आणि नौका डोलू लागते. कोणता तोटा पत्करावा हे विद्यार्थ्यांनीच ठरवावयाचे. त्यासाठी शर्यतीचा मार्ग कोणत्या दिशेने असेल, हे सर्व शाळांना आधी कळविणे आवश्यक आहे.

शर्यतीची वेळही विचारपूर्वक ठरवावी. घड्याळात बारा वाजले की सूर्य माथ्यावर आला, असा समज असतो. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, तर बुलढाणा सुमारे ७६ रेखांशावर. म्हणून फेब्रुवारीत येथील खरी माध्यान्ह बारा वाजून चाळीस मिनिटांच्या सुमारास होते. साडेअकरा ते दोन हा काळ त्यामुळे उत्तम. ऊन अधिक तर वीज अधिक, असे मानून स्पर्धा मे महिन्यात ढकलण्यात मात्र लाभ नाही. पॅनेल तापले की प्रत्येक अंशास त्याची शक्ती साधारणपणे ०.४ टक्क्याने घटते. शिवाय चाळीस अंशांच्या पलीकडे मुलांना उन्हात उभे करणे कोणत्याही शिक्षकास रुचणार नाही.

आणखी एक गंमत मुलांना आवर्जून दाखवावी. पॅनेलमधील घटक एकापुढे एक जोडलेले असतात. त्यातील एकावर अंगठ्याची सावली पडली तरी साध्या छोट्या पॅनेलची वीज जवळजवळ बंद पडते. हौसेने लावलेल्या झेंड्यामुळे नौका का अडली, याचा उलगडा मग शिक्षकांनी न सांगताही होतो.

या स्पर्धेत जिंकावे ते विद्यार्थ्यांच्या बुद्धीने, शाळेच्या थैलीने नव्हे. विज्ञान प्रदर्शनात मांडलेली प्रतिकृती पालकांनी अथवा बाजारातील कारागिराने केली असल्याचे परीक्षकांना पुष्कळदा जाणवते, पण बोलता येत नाही. यावर उपाय असा की, पॅनेल आणि मोटर संयोजकांनी एकाच प्रकारची घ्यावी व चिठ्ठी टाकून वाटावी. नौकेचा सांगाडा, पंखा व जोडणी संघावर सोपवावी आणि बांधणी स्पर्धेच्या जागीच दोन तासांत व्हावी. थर्मोकोल वर्ज्य करावा. पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या शेजारी बांधल्या तरी उत्तम तरंगणारी नौका होते. ज्वारीच्या धांड्यांच्या बैलगाड्या करणाऱ्या मुलांना हलक्या वस्तूंची पारख वेगळी शिकवावी लागत नाही. पाण्यातील पंखा अधिक जोर देतो, परंतु त्याचा दांडा सांगाड्यातून नेताना गळती होते. नवख्या संघाने हवेत फिरणारा पंखा लावणे श्रेयस्कर.

संघ चौघांचा असावा. मिश्र संघात तारा जोडणे मुलांकडे आणि टिपणवही मुलींकडे, अशी वाटणी नकळत होते. म्हणून डाख देणे, मोजमाप आणि नोंदी ही कामे आळीपाळीने करण्याचा नियमच असावा. परीक्षकांनी कोणत्याही एका सदस्यास विचारावे की पॅनेल असे का ठेवले. त्या उत्तरास वेगाइतकेच गुण द्यावेत.

ढगाची एक झुळूक निकाल फिरवू शकते. त्यामुळे एकेका नौकेची वेळ नोंदवून तुलना करणे अन्यायाचे होईल. दोन नौका एकाच वेळी सोडाव्यात, नंतर मार्ग बदलून पुन्हा सोडाव्यात आणि पहिल्याच पराभवाने कोणासही बाद न करता प्रत्येक संघास किमान तीन फेऱ्या द्याव्यात. लांबून एस.टी.ने आलेल्या मुलांना एका मिनिटात परत पाठविण्यात काय अर्थ?

जिल्ह्यातील तेराही तालुक्यांत हिवाळ्यातील तालुका विज्ञान प्रदर्शनास जोडून हा उपक्रम घेता येईल. आकाश भरून आल्यास शर्यत दुसऱ्या दिवसावर ठेवावी. तोवर मल्टिमीटर मुलांच्या हाती देऊन, ढगाखाली पॅनेलचा विद्युत्‌दाब फारसा न घटता प्रवाह मात्र कसा कोसळतो, ते त्यांनाच मोजू द्यावे.