पाचवी चिमणी

डिसेंबर उजाडला की हैदराबाद आणि सिकंदराबाद या जुळ्या नगरांत अनेक घरांच्या सज्जांवर कागदी तारे टांगले जातात. गनफाउंड्रीच्या सेंट जोसेफ कॅथीड्रलपासून सिकंदराबादच्या सेंट मेरीज चर्चपर्यंत दिव्यांच्या माळा लागतात आणि बेकऱ्यांतून मनुकांच्या केकचा वास रस्त्यावर येतो. सुलतान बाजार, काचीगुडा, बरकतपुरा या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हा मराठी मंडळींना नाताळ ठाऊक आहे तो बहुधा शेजाऱ्यांनी पाठविलेल्या केकच्या बशीपुरता. त्या ताऱ्याखालच्या एखाद्या घरात आपल्यासारखीच मराठी बोलली जात असेल, अशी कल्पनाही आपल्या मनाला शिवत नाही.

वस्तुतः यात नवल वाटण्याचे कारण नाही. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे जिल्हे हैदराबाद संस्थानाचे व पुढे हैदराबाद राज्याचे होते, आणि जालनेही त्यातच होते. १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्री हे ब्राह्मण गृहस्थ पुढे जालन्यास आले आणि सर सालारजंग यांच्या औदार्याने मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल नावाचे गाव वसविले. तेव्हा आपल्या आजोबा-पणजोबांना ज्या वाटांनी नोकरीने, शिक्षणाने वा कोर्टकचेरीच्या कामाने राजधानीत आणले, त्याच वाटांनी मराठी ख्रिस्ती कुटुंबेही येथे आली. त्यांचीही आडनावे आपल्यासारखीच, आणि संक्रांतीला तिळाच्या वड्या करण्याची हौसही आपल्यासारखीच.

अशाच एका कुटुंबातील बाई आमच्या परिचयाच्या आहेत. माहेर जालन्याचे, यजमान रेल्वेत असल्याने संसार सारा सिकंदराबादेस झाला. त्या शाळेत शिक्षिका होत्या, म्हणून आम्ही सारे त्यांना ‘बाई’च म्हणतो. आपले नाव छापू नये, अशी त्यांची इच्छा आहे. परंतु त्यांनी आम्हांस जे सांगितले ते आमच्या वाचकांपर्यंत पोचावे असे वाटल्यावरून, त्यांच्या अनुमतीनेच हा लेख लिहीत आहोत.

यजमान गेल्यावर बाईंचे चर्चला जाणे थांबले नाही. उपासना इंग्रजीत, क्वचित तेलुगूत. दोन्ही भाषा त्यांना येतात. उभे राहण्याच्या जागी त्या उभ्या राहत, म्हणण्याच्या जागी म्हणत. “पण ते पत्र पेटीत टाकल्यासारखे होते,” बाई म्हणाल्या, “पाकिटावर पत्ता बरोबर, आत कागद कोरा.” मुलगा परदेशी. सुनेचा फोन रविवारी येतो, तोही प्रेमाने येतो. कोणाचे काही चुकत नव्हते. तरीही हिशेब पुरा झाल्यावर उरलेल्या चिल्लर पैशांसारखी आपली अवस्था झाली आहे, असे त्यांच्या मनाने घेतले. देव नाही असे त्यांना वाटत नव्हते; तो आहे, पण त्याला आता आपल्याशी काही कर्तव्य नाही, असे वाटे. नास्तिकाशी निदान वाद तरी घालता येतो. या उदासीनतेशी वाद घालावा तरी कसा?

येथे थोडे विषयांतर करून रेव्हरंड ना. वा. टिळकांकडे वळले पाहिजे, कारण बाईही त्यांच्याकडेच वळल्या. टिळकांचे ख्रिस्ती होणे सर्वश्रुत आहे. नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा भाग सारेच सांगतात. आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. मिशनच्या चाकोरीत, परक्या चालींवर बसविलेली गीते म्हणत उपासना करणाऱ्या मराठी मंडळींत राहून या कवीला कळून चुकले की, आपला हा नवा धर्म घराच्या ओसरीवरच थांबला आहे. माजघरात, स्वयंपाकघरात तो आलेलाच नाही. मग त्यांनी त्यास अभंगात आणि भजनात आणले, टाळ-मृदंगांसह कीर्तनात उभे केले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते उघडपणे सांगत. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात टिळकांची दोनशेंहून अधिक पदे आहेत. १९१७ साली तर मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोघांनाही त्यात जागा दिली. दोनच वर्षांनी, १९१९ च्या मे महिन्यात, ते निवर्तले.

आणि लक्ष्मीबाई! पतीने धर्म बदलला तेव्हा त्या त्यांच्यामागे निमूटपणे गेल्या नाहीत. काही वर्षे विरहात गेली. पुढे एकत्र आल्यावरही त्यांनी आपले सोवळे आणि आपली चूल निराळी ठेवली. त्यांचे परिवर्तन झाले ते स्वयंपाक, मुले, आजारी माणसे आणि दुष्काळातील पोरकी लेकरे यांच्या सहवासात, त्यांच्या स्वतःच्या चालीने. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्यांना जोडाक्षरे लिहिताना अडचण पडे, त्या बाईंनी पतीचे साडेदहा अध्यायांवर थांबलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे चौसष्ट अध्याय लिहून तडीस नेले. ‘स्मृतिचित्रे’ आपल्या घराघरांत आहे. त्यातील विनोदाचे कौतुक सारेच करतात. आमच्या मते त्या ग्रंथाचे खरे बळ असे की, त्यात धर्म आणि भांडी-कुंडी एकाच फळीवर मांडलेली आहेत. परमेश्वराविषयी बोलण्यासाठी या बाई आवाज बदलत नाहीत.

मराठी वाचकाला ही गोष्ट नवी वाटू नये. दळताना-कांडताना जनाबाईंना विठ्ठल भेटला; सावता माळ्यांना तो आपल्या मळ्यातच दिसला. ख्रिस्ती जगातही सतराव्या शतकात पॅरिसच्या एका कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा आचारी होऊन गेला. स्वयंपाकघरातील भांड्यांच्या खडखडाटातही आपण देवाच्या सन्निध असतो, असे तो सांगे. त्याचे विचार त्याच्या पश्चात ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. जनाबाई आणि तो आचारी यांना एकमेकांचे बोलणे समजावयास दुभाष्या फार वेळ लागला नसता, असे आम्हांस वाटते.

असो. बाईंच्या कपाटात माहेरून आलेली नव्या कराराची एक जुनी प्रत होती. पंडिता रमाबाईंनी केलेल्या भाषांतराची. रमाबाईंनी मूळ ग्रीक व हिब्रू भाषांचा अभ्यास करून, साध्या बायाबापड्यांना समजेल अशा मराठीत सारे बायबल आणण्याचा ध्यास घेतला होता. १९२२ साली त्या वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. केडगावच्या मुक्तिसदनातील स्त्रियांनीच त्याच्या छपाईचे काम केले. ही प्रत बाईंनी उघडली ती काही भक्तीने नव्हे. कपाट आवरताना हाती लागली, आणि आईच्या अक्षरात कडेला काही लिहिलेले दिसले, म्हणून त्या वाचीत बसल्या.

मग सकाळी भाजी निवडताना मोठ्याने वाचण्याची सवय लागली. घरकामास येणारी तेलुगू बाई जवळच बसून शेंगा सोलीत असे. “अम्मा, काय वाचता?” असे तिने विचारले तेव्हा बाईंना ते तिच्या भाषेत सांगणे आले. एके दिवशी लूकच्या शुभवर्तमानातील चिमण्यांचा उल्लेख निघाला. मत्तयाच्या शुभवर्तमानात दोन चिमण्या एका पैशाला विकल्या जातात असे आहे. लूकच्या शुभवर्तमानात मात्र दोन पैशांना पाच. बाईंनी आयुष्यभर दोन्ही वाचले होते, मुलांना शिकविलेही होते. हा फरक त्यांच्या ध्यानात कधी आला नव्हता. ती तेलुगू बाई मात्र शेंग हातात धरून क्षणभर थांबली आणि हसली. “एकाला दोन, तर दोनाला चार झाल्या अम्मा. पाचवी म्हणजे कोसरु.”

‘कोसरु’ हा शब्द हैदराबादेतील गृहिणींना समजावून सांगावयास नको. नारायणगुड्याच्या बाजारात भाजी घेतल्यावर आपण हात पुढे करून जी मिरची-कोथिंबीर वर मागून घेतो, तो कोसरु. मोल पडते ते बाकीच्या जिनसांचे, कोसरु फुकटचा. म्हणजे ती पाचवी चिमणी कोणाच्या हिशेबातच नव्हती. सौदा पुरा झाल्यावर विक्रेत्याने तिला उगाच वर टाकली होती. आणि येशूने सांगितले ते असे की, त्या पाचांपैकी एकीचाही देवाला विसर पडलेला नाही.

“मी उठून आत गेले,” बाई आम्हांस म्हणाल्या. “तिच्यासमोर रडावयाचे नव्हते मला. पण ती हुशार. तिने तेवढ्यात चहा टाकला.”

यानंतर बाईंच्या आयुष्यात काही चमत्कार घडला, असे कोणी समजू नये. गुडघे दुखतातच. यजमानांची खुर्ची रिकामीच आहे, आणि रविवार दुपार पूर्वीइतकीच लांब असते. श्रद्धेने दुःखाचा निरास होतो असे सांगणारी पुस्तके आम्ही पुष्कळ वाचली आहेत. आम्हांस ती फारशी पटत नाहीत. बाईंचा अनुभव याहून साधा आहे. त्यांना पुन्हा गोष्टी दिसू लागल्या. रात्री भिजवून वाटून ठेवलेले इडलीचे पीठ सकाळी झाकण वर उचलून बसलेले असते, हे त्या चाळीस वर्षे पाहत होत्या. आता मात्र, पीठभर मिसळलेल्या खमिराचा दृष्टान्त देणाऱ्याने आपल्या आईच्या स्वयंपाकघरात हे किती वेळा पाहिले असेल, असा विचार त्यांच्या मनात येतो. खमीर हा मराठी बायबलातील शब्द जुन्या शहरातल्या नानवाल्यालाही समजतो, याची त्यांना मोठी मौज वाटते. मीठ, दिवा, झाडू, हरवलेले नाणे, बाजारातली चिमणी! एवढे सामान तर कोणाच्याही घरी असते. आणि तरी ते वर्षानुवर्षे केवळ प्रवचनातले शब्द होऊन राहते.

गेल्या थंडीत बाईंसह आम्ही काहीजण मेदकला गेलो. हैदराबादेहून सुमारे शंभर किलोमीटरवर असलेले ते भव्य कॅथीड्रल आमच्यापैकी काहींनी प्रथमच पाहिले. चार्ल्स वॉकर पॉस्नेट या वेस्लियन मिशनरीच्या पुढाकाराने १९१४ साली त्याचे बांधकाम सुरू झाले आणि २५ डिसेंबर १९२४ रोजी ते उपासनेस खुले झाले. मधली वर्षे महायुद्धाची आणि दुष्काळाची होती. उपाशी माणसांना दान न देता काम द्यावे आणि कामाबद्दल अन्न द्यावे, या हेतूने हे बांधकाम चालले. त्याचा उंच मनोरा पाहून आमच्या मंडळींनी छायाचित्रे काढली. बाईंना मात्र भिंतींतल्या त्या दगडांकडे पाहत राहावेसे वाटले. “यांतला एकेक दगड म्हणजे कोणाच्या तरी घरची भाकरी,” एवढेच त्या बोलल्या.

आत येशूचा जन्म, क्रूसावरील मरण आणि स्वर्गारोहण दाखविणाऱ्या रंगीत काचांच्या तीन प्रचंड खिडक्या आहेत. बाहेरून पाहिल्यास त्या काळपट, शिशाच्या रेघांनी भरलेल्या दिसतात. चित्र ओळखूही येत नाही. आत उभे राहावे आणि बाहेर ऊन असावे, म्हणजेच निळा, तांबडा, सोनेरी रंग उजळतो. आम्ही गेलो त्या दिवशी मधूनमधून ढग येत होते. ढग आला की चित्र विझे, सरला की पुन्हा पेटे. बाई बाकावर बसून बराच वेळ ते पाहत होत्या. आमच्यातील एका गृहस्थांनी निघण्याची घाई केली तेव्हा शाळेतील जुन्या अधिकारवाणीने त्यांनी त्यांना खाली बसविले.

येथे एक चिंता बोलून दाखविणे भाग आहे. बाईंच्या नंतर त्यांच्या घरात मराठी प्रार्थना कोण म्हणेल? नातवंडांना भाषा समजते, वाचता येत नाही. हा प्रश्न केवळ ख्रिस्ती घरांचा नाही. आमच्या कितीतरी वाचकांच्या घरी आजोबांची हरिपाठाची पोथी अशीच कपाटात बसून आहे. २०२० च्या जानेवारीत पूर्वीच्या हैदराबाद राज्यातल्याच उस्मानाबादेस त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. ‘सुबोध बायबल’कार फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे अध्यक्ष होते. बाईंनी त्यांच्या भाषणाची वर्तमानपत्रातील कात्रणे जपून ठेवली आहेत. २०२४ साली फादर गेल्याचे कळले त्या दिवशी त्यांनी ती पुन्हा वाचली.

सध्या रविवारी दुपारी चार वाजता बाईंच्या घरी पाच-सहा जणी जमतात. त्यांतील दोघी ख्रिस्ती नाहीत. एक तर पंढरीची वारी केलेल्या आजी आहेत. घरकामाची तेलुगू बाईही काम आटोपून बसते. रमाबाईंच्या प्रतीतून लूकचे शुभवर्तमान थोडे थोडे वाचतात, मध्येच तेलुगूत अर्थ सांगतात, एखादे टिळकांचे भजन म्हणतात आणि चहा घेतात. मागच्या रविवारी पंधरावा अध्याय लागला. दहा नाण्यांपैकी एक हरवले म्हणून दिवा लावून सारे घर झाडणारी स्त्री त्यात आहे. त्या ओळीपाशी वाचन जे थांबले ते पुढे गेलेच नाही, कारण हरवलेल्या वस्तूंच्या गोष्टी निघाल्या. आजींची नथ पंचवीस वर्षांनी तांदळाच्या डब्यात सापडली होती, ती हकीकत संपेपर्यंत दिवेलागण झाली.