कोंबडीच्या खाद्यातून अँटिबायोटिक काढल्यावर

खाद्यात टनामागे काही ग्रॅम अँटिबायोटिक मिसळले, की कोंबडीची पिल्ले लवकर वजन धरतात, हे १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत लक्षात आले. थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टाड हे खरे तर ब-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसिन या अँटिबायोटिकच्या निर्मितीत उरलेला गाळ त्यांनी पिल्लांना चारला आणि वाढ अपेक्षेपेक्षा जास्त झाली. पुढे पूर्णपणे जंतुमुक्त वातावरणात वाढवलेल्या पिल्लांवर हाच प्रयोग केला, तेव्हा काहीच फरक पडला नाही. म्हणजे औषध पिल्लाला वाढवत नव्हते. आतड्यातल्या जिवाणूंची गर्दी आणि त्यामुळे होणारा दाह ते कमी करत होते. दाहावर खर्च होणारी ऊर्जा मग मांस धरण्यासाठी वापरली जाई.

आजार बरा करायला अपुरी अशी ही मात्रा रोज पोटात गेली, की प्रतिकारक्षम जिवाणूंचे फावते. ॲव्होपार्सिन हे कोंबड्यांना पूर्वी दिले जाणारे औषध माणसांवरील व्हॅन्कोमायसिनच्याच कुळातले. डेन्मार्कमध्ये १९९५ साली ॲव्होपार्सिनवर बंदी आली, तेव्हा ब्रॉयलर कोंबड्यांमधील एन्टेरोकोकस फेशियम जिवाणूंपैकी सुमारे ७३ टक्के नमुने त्याला दाद देत नव्हते; २००० साली हे प्रमाण सुमारे ६ टक्क्यांवर आले. स्वीडनने तर १९८६ सालीच वाढीसाठीची सगळी अँटिबायोटिक्स बंद केली होती. युरोपीय संघात ती १ जानेवारी २००६ पासून थांबली. भारतात जुलै २०१९ मध्ये पशुखाद्यातील कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर बंदी आली.

अँटिबायोटिकच्या पर्यायांपैकी सर्वांत मुळाशी जाणारी कल्पना फिनलंडची. हॅचरीतल्या यंत्रात जन्मलेल्या पिल्लाची आईशी भेटच होत नाही, त्यामुळे तिच्याकडून मिळणारे उपयुक्त जिवाणूही त्याला मिळत नाहीत. आतड्यातली ही मोकळी जागा साल्मोनेला सहज बळकावतो. एस्को नुर्मी आणि रांटाला यांनी निरोगी प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यातील द्रव्य नवजात पिल्लांना पाजून हा शिरकाव रोखता येतो, असे १९७३ साली दाखवले. आजची प्रोबायोटिक्स याच विचारातून आली. त्यातही बॅसिलस सब्टिलिससारखे बीजाणू तयार करणारे जिवाणू व्यवहारात सोयीचे ठरतात, कारण पेलेट खाद्य बनवताना लागणारी उष्णता त्यांना सोसते. लॅक्टोबॅसिलस ती सोसत नाही. म्हणून तो बहुधा पाण्यातून देतात.

सेंद्रिय आम्लांची रीत वेगळी. फॉर्मिक किंवा प्रोपिऑनिक आम्लाचे अविघटित रेणू जिवाणूच्या पेशीत शिरतात, आत जाऊन विघटित होतात आणि पेशीची आम्लता वाढवतात. ती बाहेर फेकताना जिवाणूची ऊर्जा खर्ची पडते. ब्युटिरिक आम्ल आतड्याच्या अस्तरातील पेशींचे इंधनही आहे. मात्र साध्या स्वरूपात दिले तर ते वरच्या भागातच शोषले जाते, म्हणून त्यावर चरबीचे आवरण चढवतात. यीस्टच्या पेशीभित्तिकेतील मॅनन शर्करा ई. कोलाय आणि साल्मोनेला यांच्या चिकटण्याच्या तंतूंना अडकवते. ओव्यातला थायमॉल आणि दालचिनीतला सिनॅमाल्डिहाइड जिवाणूंची पेशीपटले बिघडवतात. पण वनस्पतीची जात, हंगाम आणि अर्क काढण्याची पद्धत बदलली की त्यांची ताकदही बदलते. त्यामुळे ‘हर्बल’ लेबल पाहून खात्री बाळगण्यात अर्थ नाही. मका-सोयापेंडीच्या खाद्यात फायटेज आणि गव्हाच्या खाद्यात झायलानेज ही विकरे न पचलेला अंश कमी करतात, म्हणजे अपायकारक जिवाणूंच्या वाट्याला कमी अन्न येते.

यातला एकही पर्याय एकटा अँटिबायोटिकची जागा घेत नाही. डेन्मार्कमध्ये वाढीसाठीची अँटिबायोटिक्स बंद झाल्यावर ब्रॉयलरला किलोभर वजनामागे जेमतेम १६ ग्रॅम खाद्य जास्त लागले. या यशाचे थोडे श्रेय आयोनोफोर औषधांनाही द्यावे लागते: रक्ती हगवणीचा कॉक्सिडिया परजीवी रोखण्यासाठी ती चालूच राहिली आणि नेक्रोटिक एन्टरायटिस हा आतड्याचा आजार घडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्सलाही ती आवरतात. बाकीचे काम शेडमध्ये होते. ओली, अमोनियाचा वास मारणारी तुसाची गादी, जुनाट शेवाळलेली पाण्याची नळी, पहिल्या आठवड्यात कमी पडलेली ऊब, दाटी आणि दोन बॅचमधली अपुरी विश्रांती हे दोष अँटिबायोटिक इतकी वर्षे झाकत होते. महागडे प्रोबायोटिक विकत घेऊन ते क्लोरीनयुक्त पाण्यातूनच पाजले, तर त्यातले जिवाणू पिल्लाच्या पोटात पोहोचण्याआधीच मरतात.