हळदीचा रंग कोण ठरवतो?

पिवळ्या दिव्याखाली हळदी समारंभाचे छायाचित्र घेतले, तर कधी कधी हळद फिकी उमटते. दिव्याचा पिवळेपणा काढताना फोन हळदीचाही थोडा काढून घेतो. कॅमेऱ्याच्या संवेदकाला मुळात रंग दिसत नाही. केवळ प्रकाशाची तीव्रता कळते. म्हणून त्याच्या सूक्ष्म बिंदूंवर लाल, हिरव्या व निळ्या गाळण्या बसवलेल्या असतात; बहुधा निम्म्या हिरव्या, कारण आपला डोळा हिरव्या प्रकाशाला अधिक संवेदनशील असतो. या नोंदींवरून फोनच रंग ठरवतो आणि जेपेग चित्र तयार करून मूळ नोंदी टाकून देतो. अँड्रॉइड फोनवर २०१४ पासून काही कॅमेरा-ॲपमध्ये मिळू लागलेली रॉ फाइल मात्र त्या जपून ठेवते. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, तर १० बिटांच्या रॉमध्ये १०२४. जागा अर्थातच अधिक लागते. परंतु चित्रातील पांढऱ्या उपरण्यावर बोट ठेवून ‘हे पांढरे’ असे आपण सांगितले, की हळद पुन्हा पिवळी होते.