संगणक बंद पडतो : दोष उष्णतेचा की विजेचा?

काम सुरू असताना संगणक अचानक बंद पडतो आणि न जपलेला मजकूर क्षणात नाहीसा होतो. दुरुस्तीसाठी नेल्यावर ‘मदरबोर्ड गेला’ असे ऐकावे लागते व मोठा खर्च समोर उभा राहतो. प्रत्यक्षात दोष कित्येकदा थकलेल्या पंख्यात, वाळलेल्या पेस्टमध्ये किंवा सैल जोडणीत असतो. म्हणूनच महागडा भाग बदलण्यापूर्वी दोष उष्णतेचा आहे की विजेचा, याचा उलगडा व्हायला हवा.

पहिली खूण वेळेची. संगणक काही मिनिटे नीट चालून जड काम सुरू होताच मंदावत असेल व मग बंद पडत असेल, तर संशय उष्णतेवर घ्यावा. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास स्वतःचा वेग घटवतात. त्याने भागले नाही, तर यंत्रणा संगणक बंद करते. याउलट थंड संगणक बटण दाबताच किंवा वायर हलताच बंद पडत असेल, तर वीजपुरवठा किंवा जोडणी तपासावी. बायोसच्या पडद्यावर तापमान व पंख्याचा वेग दोन्ही दिसतात.

पंखा व्यवस्थित फिरत असूनही तापमान चढत असेल, तर उष्णतेची वाट अडलेली असते. हीटसिंकच्या पात्यांत धूळ साचते, किंवा हीटसिंक आणि प्रोसेसर यांच्यातील थर्मल पेस्ट वाळते. वरकरणी सपाट भासणाऱ्या या दोन पृष्ठभागांत सूक्ष्म फटी असतात. त्यांतील हवा उष्णता नीट वाहून नेत नाही. ते काम पेस्ट करते.

पंखा फिरतच नसेल, तर अदलाबदलीची चाचणी उपयोगी पडते. संगणक बंद करून, प्लग काढून, चालू स्थितीतील दुसरा पंखा त्याच जोडणीवर लावावा. तो फिरला तर जुना पंखा निकामी. तोही फिरला नाही, तर दोष मदरबोर्डच्या जोडणीत किंवा बायोसमधील सेटिंगमध्ये शोधावा. पंख्याच्या तीन तारांपैकी दोन १२ व्होल्टचा पुरवठा करतात आणि तिसरी वेग कळवते; चौथी असल्यास ती वेग नियंत्रित करते. त्यामुळे पंखा फिरूनही वेग शून्य दिसत असेल, तर तिसरी तार तपासावी.

गोव्यासारख्या किनारी प्रदेशात दमट, खारट हवेमुळे पिनांवर गंज चढतो. तेथे विजेला अडथळा होऊन जोडणीच तापू लागते. काळवंडलेले प्लास्टिक किंवा जळका वास आढळल्यास संगणक पुन्हा सुरू करू नये.

दोन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. पॉवर सप्लायचा डबा घरी उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार राहू शकतो. ब्लोअरने धूळ उडवताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, अन्यथा अतिवेगाने बेअरिंग खराब होते.

संगणक केव्हा बंद पडला, तेव्हा तापमान किती होते आणि पंखा फिरत होता का, एवढी नोंद तंत्रज्ञापुढे ठेवली, तरी अनावश्यक खर्च टळण्याची शक्यता बरीच वाढते.