पोपडा निघाला की खाली हिरवा

बिडकीनच्या काळ्या रानात अवकाळी पाऊस झाला की उसाची भरलेली ट्रॉली अशी बसते, की ट्रॅक्टरची मागची चाकं जागच्या जागी फिरतात आणि प्रत्येक फेऱ्याला चार बोटं खाली जातात. दुसरा ट्रॅक्टर लावला तर त्याचीही तीच गत होते. आता अशा वेळी जेसीबी बोलावतात. आमच्या लहानपणी शक्तिमान यायची. दूरदर्शनवरची मालिका १९९७ साली सुरू झाली, त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्याकडे शक्तिमान म्हणजे एकच गोष्ट होती: लांब नाकाचा, मिलिट्रीतून लिलावात आलेला चार चाकांनी ओढणारा ट्रक.

ती आली की पोरं गोळा व्हायची. ड्रायव्हर आधी खाली उतरून रानातून पायी चक्कर मारायचा. टाचेने माती दाबून बघायचा आणि मुरूम कुठे लागतो ते शोधायचा. गाडी त्या मुरमावर उभी करायची, मग किन्नर तारदोर घेऊन ट्रॉलीपर्यंत चिखलातून जायचा. दोर अडकवला की सगळ्यांना लांब पिटाळलं जायचं, कारण ताणलेला दोर तुटला तर माणूस कापतो. नंतर ड्रायव्हर लहान दांडी मागे ओढायचा, गाडी लो गिअरला पडायची आणि तो रेस जवळजवळ न देताच क्लच सोडायचा. दोर आधी मातीतून वर उचलला जायचा, मग ताठ व्हायचा, त्यातून पाणी निथळायचं. क्षणभर काहीच हलायचं नाही. आणि मग चिखल मोठा आवाज करून ट्रॉली सोडायचा. शक्तिमानची चाकं त्या सगळ्या वेळात एकदाही घसरलेली मला आठवत नाहीत. ती इतकी सावकाश फिरायची, की टायरवरचा एकेक ठोकळा मोजता यावा.

या गाडीचं घराणं मोठं आहे. जर्मनीतल्या मान कंपनीशी करार करून जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत १९५९ साली तिची जुळणी सुरू झाली. कृष्ण मेनन तेव्हा संरक्षणमंत्री होते आणि लष्कराला लागणारी वाहनं देशातच झाली पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. तोफांचे गाडे बनवायला १९०४ साली उभा राहिलेला तो कारखाना ट्रक बनवू लागला. पुढे १९६९ साली जबलपूरलाच स्वतंत्र व्हेईकल फॅक्टरी झाली आणि शक्तिमान तिथून निघू लागली. तिच्याबरोबरीने तिथे निस्सानच्या परवान्यावर एक टनी गाडी आणि जोंगा बनत असे. जोंगा हे नाव जबलपूरच्या कारखान्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेलं आहे. १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांत रसद आणि जवान वाहून नेण्याचा मोठा भार शक्तिमानने उचलला. नव्वदच्या दशकात अशोक लेलँडची स्टॅलियन आणि टाटांच्या गाड्या आल्या, तेव्हा तिचं उत्पादन थांबलं.

तिच्या इंजिनाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण जुने मिस्तरी तिच्यावर जीव टाकतात तो या इंजिनामुळे. मान म्हणजे तीच ऑग्सबर्गची कंपनी, जिच्या कारखान्यात रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली आपलं पहिलं यशस्वी इंजिन चालवून दाखवलं. शक्तिमानचं सहा सिलिंडरचं इंजिन तिथल्याच सिगफ्रीड मॉयरर यांच्या पद्धतीचं आहे. नेहमीच्या डिझेल इंजिनात तेल तापलेल्या हवेत फवारलं जातं आणि ते एकदम पेटतं. जुन्या डिझेल गाडीचा तो खडखडाट त्यातून येतो. मॉयररनी पिस्टनच्या डोक्यातच गोल वाटी ठेवली आणि बरंचसं तेल त्या वाटीच्या भिंतीवर सोडलं. भिंत तापलेली असते, तिच्यावर तेलाची पातळ साय पसरते, तिची वाफ होत जाते आणि ती टप्प्याटप्प्याने जळते. ठोका मऊ बसतो. ‘तांदूळ शिजल्यासारखी चालते’ असं आमच्याकडचे एक मिस्तरी म्हणतात. आवाज ऐकल्याशिवाय हे पटणार नाही, ऐकल्यावर दुसरी उपमा सुचणार नाही.

दुसरी गोष्ट तिच्या चालीची. साध्या ट्रकमध्ये इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. हिच्यात गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते. ती ताकद पुढच्या एक्सललाही वाटून देते आणि लो गिअरला टाकली की वेग कमी करून ओढ वाढवते. मागची चाकं मऊ मातीत फसली तरी पुढची चाकं टणक जागा धरून गाडी खेचतात. पोट जमिनीपासून उंच, पाटे जाड, चेसी अशी की ओव्हरलोडला दाद देत नाही. रस्त्यावर मात्र ती मंद आणि डिझेलला खादाड. म्हणून माल वाहतुकीच्या धंद्यात ती टिकली नाही. जिथे रस्ता संपतो तिथून तिचं काम सुरू झालं.

शक्तिमानच्या आधीही आपल्याकडे मिलिट्रीच्या गाड्यांची एक पिढी होऊन गेली. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातल्या फोर्ड आणि शेवरोले कारखान्यांनी ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांसाठी एकाच नमुन्याचे लाखो ट्रक बनवले. मुंबईत या दोन्ही कंपन्यांचे जुळणीचे कारखाने होते, त्यामुळे ते ट्रक हिंदुस्थानात सर्रास दिसत. आखूड नाक, उजवीकडे स्टेअरिंग, आणि नंतरच्या गाड्यांची समोरची काच वरच्या बाजूने पुढे झुकलेली. वरून जाणाऱ्या शत्रूच्या विमानाला काचेची चमक दिसू नये, म्हणून ती तशी बसवलेली असे. युद्ध संपल्यावर या गाड्या ‘डिस्पोजल’मध्ये निघाल्या, आणि हा शब्द मराठीत कायमचा बसला. आजही जुन्या माणसांच्या तोंडी ‘डिस्पोजलचा ट्रक’, ‘डिस्पोजलचं ब्लँकेट’ असतं. पेट्रोल परवडेना, तेव्हा त्यात पर्किन्सचं डिझेल इंजिन बसवायची रीत पडली. हे इंजिन पन्नासच्या दशकात मद्रासला सिम्पसन कंपनीत बनू लागलं होतं. माझ्या आजोबांनी मात्र मिलिट्रीचा ट्रक पहिल्यांदा पाहिला तो लिलावात नव्हे. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाच्या राज्यावर पोलीस ॲक्शन झाली, तेव्हा भारतीय फौजेचे ट्रक औरंगाबादेत आले. गावोगावची माणसं ते बघायला रस्त्यावर उभी होती.

लष्करातून निवृत्त झालेली गाडी आपल्यापर्यंत कशी येते, तेही समजून घेण्यासारखं आहे. लष्करी वाहनाच्या नंबरात सुरुवातीला वर तोंड केलेला बाण असतो आणि त्यापुढचे दोन आकडे गाडी घेतल्याचं वर्ष सांगतात. वय झालेली किंवा दुरुस्तीला महाग पडणारी गाडी डेपोत जमा होते, लॉट पडतात, लिलाव होतो. पूर्वी त्यासाठी व्यापारी स्वतः जाऊन यार्डात उभे राहत; आता सरकारी एमएसटीसी कंपनीमार्फत हे काम ऑनलाइन चालतं. पश्चिम बंगालमध्ये पानागढला रस्त्याकडेने अशा गाड्यांच्या आणि सुट्या भागांच्या दुकानांची रांगच्या रांग आहे. शक्तिमानची एखादी गरारी कुठेच मिळेना, तर आमचे मिस्तरी तिकडे फोन लावतात. लहानसहान वस्तूंसाठी पुण्याचा जुना बाजार असतोच, बुधवारी आणि रविवारी.

लिलावानंतर बाण पुसला जातो आणि आरटीओचा नंबर लागतो. त्याचबरोबर रंगही बदलावा लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमाप्रमाणे संरक्षण खात्याखेरीज कोणाच्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग चालत नाही. म्हणून मग कोणी पिवळा देतं, कोणी भगवा, कोणी पाण्याच्या टँकरला निळा. पण मिलिट्रीने दिलेला रंग सहजासहजी निघत नाही. नवा रंग त्याच्यावरच चढवतात, आणि दहा वर्षांनी दाराच्या कडेला, बॉनेटच्या बिजागरीपाशी, हौद्याच्या कोपऱ्यात पोपडा निघाला की खालून तो हिरवा डोकावतो. जुनी गाडी मिलिट्रीची आहे का हे ओळखायची माझी खूण हीच आहे. मी अजूनही रस्त्याकडेला उभ्या क्रेनच्या दाराला नखाने खरवडून बघतो.

दुसऱ्या आयुष्यात या गाड्यांनी काय काय केलं! टँकर होऊन दुष्काळात वाड्या-तांड्यांवर पाणी नेलं, जिथे साधा टँकर चढत नसे. हौदा काढून त्यावर क्रेन चढवली, की अपघातातल्या गाड्या टोचन करून आणायची सोय झाली. बोअरचं मशीन बसवलेली एक जुनी लष्करी चेसी मी स्वतः बरीच वर्षं पाहत होतो. तिने आमच्या भागात किती भोकं पाडली असतील याचा हिशेब तिच्या मालकालाही सांगता आला नसता. केरळच्या आणि ईशान्येच्या जंगलांत हीच जात लाकडाचे ओंडके ओढत होती. हे सगळीकडेच घडलंय. इंग्लंडमध्ये तोफा ओढणारे एईसी कंपनीचे मॅटाडोर ट्रक युद्धानंतर लाकूडतोड्यांकडे आणि गॅरेजवाल्यांकडे गेले. रंगूनमध्ये महायुद्धातल्या शेवरोले ट्रकच्या बस करून त्या एकविसाव्या शतकापर्यंत शहरात फिरत राहिल्या. फरक एवढाच, की इंग्लंडमधल्या मॅटाडोरवर आज क्लब आहेत, पुस्तकं आहेत, मेळावे भरतात. आपल्याकडे ही माहिती चार-दोन मिस्तऱ्यांच्या डोक्यात आहे आणि ती माणसं सत्तरीच्या पुढची आहेत.

इथे मला मनापासून एक तक्रार मांडायची आहे. २०२१ साली केंद्राने जुन्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणीची तरतूद केली. पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. चांगलं पाऊल होतं. पण ती तरतूद दुचाक्यांना आणि माणसं नेणाऱ्या खासगी मोटारींना आहे, ट्रकला नाही. राजेरजवाड्यांची मोटार वारसा ठरते. युद्धभूमीवर गेलेली, नंतर तीस वर्षं आपली पाण्याची खेप वाहिलेली गाडी मात्र फिटनेसच्या तारखेत सापडली की भंगारात जाते. अहिल्यानगरला १९९४ पासून कॅव्हलरी टँक म्युझियम आहे, आणि ते आवर्जून बघावं असं आहे. पण ते नावाप्रमाणेच रणगाड्यांचं आहे. ज्या ट्रकांनी त्या रणगाड्यांना डिझेल आणि दारूगोळा पोचवला, त्यांच्यासाठी मराठवाड्यात एखादी शेड उभी राहू नये, हे मला लागतं.

गावच्या शिवेला आता वेगळंच चित्र आहे. शेंद्रा-बिडकीन औद्योगिक क्षेत्रातला बिडकीनचा भाग सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. ७,८५५ एकरांचा विस्तार. त्याच वर्षी टोयोटा किर्लोस्करने छत्रपती संभाजीनगरला कारखाना काढण्यासाठी राज्य सरकारशी करार केला. जिथे ट्रॉल्या रुतायच्या तिथे काँक्रीटचे सहापदरी रस्ते आहेत. मला याचा आनंदच आहे. गावातली पोरं तिथे कामाला लागावीत. ज्या गावात उद्या नव्या गाड्यांच्या गोष्टी होणार, तिथे जुन्या गाडीची एक गोष्टही सांगणारा असावा, म्हणून मी हे लिहितो आहे.

ती तांदूळ शिजण्याची उपमा देणाऱ्या मिस्तऱ्यांकडे एक शक्तिमान अजून आहे. क्रेन उतरवली आहे, टायर जमिनीला टेकले आहेत, बॉनेटवर बाभळीचा पाला. इंजिन मात्र त्यांनी केव्हाच काढून शेडमध्ये आणलं, लाकडी ओंडक्यांवर ठेवलं आणि ताडपत्रीने झाकलं. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली, त्यांनी दिलं नाही. दर खंडेनवमीला पान्यांची, जॅकची पूजा होते तेव्हा ताडपत्री निघते. या वर्षी मी तिथे होतो. त्यांनी सहाही सिलिंडरांत थोडं थोडं तेल सोडलं, फ्लायव्हीलच्या दात्यांत पहार अडकवली आणि मला म्हणाले, ‘‘दाबा. धसका देऊ नका, नुसतं वजन टाका.’’ मी वजन टाकलं. आधी काही झालं नाही. मग आतून तेलाचा ओला आवाज आला आणि पहार हातभर खाली गेली. मिस्तऱ्यांनी फ्लायव्हीलवर खडूने खूण केली, झेंडूचं फूल ठेवलं आणि ताडपत्री पुन्हा ओढून घेतली.