गिनीपिगचं वजन उतरवताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पूर्ण वाढ झालेल्या गिनीपिगचं वजन साधारण ७०० ते १२०० ग्रॅम असतं. हलक्या हातानं चाचपूनही बरगड्या लागत नसतील, तर त्याच्या अंगावर चरबी चढली आहे असं समजावं. लठ्ठपणामुळे तळपायांना जखमा होतात, उन्हाळा सोसत नाही. पोषणासाठी गिनीपिग स्वतःची मऊ लेंडी खातो; सुटलेल्या पोटामुळे तोंड गुदद्वारापर्यंत पोचतच नाही. म्हणून वजन उतरवायलाच हवं, पण रीत चुकली तर जिवावर बेततं.

गैरसमज: एखादा दिवस उपाशी ठेवलं की चरबी झडते.
वस्तुस्थिती: गिनीपिगच्या आतड्यात अन्न सतत सरकत राहावं लागतं. ते थांबलं की पोटात वायू धरतो आणि आतड्यांचं काम मंदावतं. त्यातच लठ्ठ गिनीपिग उपाशी राहिला, तर अंगातली चरबी यकृतात साठून यकृत निकामी होऊ शकतं. त्याला उपास कधीच घडवू नये.

गैरसमज: सगळंच खाणं निम्म्यावर आणावं.
वस्तुस्थिती: वाळलेलं गवत चोवीस तास, हवं तितकं मिळालं पाहिजे. त्याचे दात आयुष्यभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. कात्री लावायची ती पेलेटना, म्हणजे तयार खाद्याच्या गोळ्यांना. दिवसाला दोन मोठे चमचे पुरतात. पोळी, बिस्किटं, धान्य, बिया मात्र पूर्ण बंद.

गैरसमज: लसूणघास पौष्टिक, म्हणून तीच रोज घालावी.
वस्तुस्थिती: तिच्यात प्रथिनं आणि कॅल्शियम भरपूर असतं. वाढत्या पिलांना आणि गाभण मादीला ती मानवते. मोठ्या गिनीपिगचं मात्र तिच्यानं वजन वाढतं, मूतखड्याचा धोकाही असतो. त्याला तिमथीसारखं वाळलेलं गवत घालावं.

गैरसमज: गाजर आणि फळं कितीही चालतात.
वस्तुस्थिती: दोन्हींत साखर असते. ती अधूनमधून, एखादा लहान तुकडा एवढीच द्यावीत. माणसाप्रमाणे गिनीपिगच्या शरीरातही क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते रोजच्या खाण्यातूनच मिळावं लागतं. त्यासाठी सिमला मिरची, कोथिंबीर उत्तम.

गैरसमज: पिंजऱ्यात चाक बसवलं की व्यायाम होतो.
वस्तुस्थिती: चाकानं किंवा प्लॅस्टिकच्या चेंडूनं त्याच्या पाठीच्या कण्याला इजा होते. त्यापेक्षा रोज घरात, आपल्या नजरेसमोर, जमिनीवर मोकळं सोडावं. गवताचे ढीग निरनिराळ्या कोपऱ्यांत ठेवावेत, खोक्यांचे बोगदे करून द्यावेत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे सकाळी किंवा संध्याकाळीच करावं, कारण उष्माघात त्याला चटकन होतो.

गैरसमज: पोट मोठं म्हणजे लठ्ठपणाच.
वस्तुस्थिती: मादी गाभण असू शकते, गर्भकाळ साधारण ५९ ते ७२ दिवसांचा असतो. अंडाशयातल्या गाठींनीही पोट फुगतं. म्हणून आहार बदलण्याआधी लहान प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडून तपासून घ्यावं.

आहारातला बदल एकदम नको, काही आठवड्यांत हळूहळू करावा. दर आठवड्याला ठरावीक वेळी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करून लिहून ठेवावं. ते झपाट्यानं उतरू लागलं तर आनंद मानू नका. ते आजाराचं लक्षण असू शकतं. आणि गिनीपिगनं गवताला तोंड लावणंच सोडलं, तर उद्याची वाट न पाहता त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या.