चौसष्ट माणसांचं सरकार

टेक्सासच्या पश्चिमेला, न्यू मेक्सिकोच्या हद्दीला लागून लव्हिंग नावाची काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग, आहे. क्षेत्रफळ सुमारे 1,750 चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या जवळपास तिप्पट. 2020च्या जनगणनेत तिथं माणसं भरली 64. अख्ख्या अमेरिकेत याहून कमी वस्तीची काउंटी नाही. मुख्यालय मेंटोन, तिथले रहिवासी 22.

एका कडेनं पेकोस नदी वाहते, पण तिचं पाणी खारट. पाऊस वर्षाकाठी जेमतेम 25 सेंटिमीटर. रानात मेस्किटची काटेरी झुडपं. आपल्याकडं माजलेली वेडी बाभूळ याच कुळातली. मेंटोनला पिण्याचं पाणी कित्येक वर्षं टँकरनं यायचं. हे वाचून मराठवाड्यातला माणूस नुसती मान डोलावेल.

गंमत इथल्या कारभाराची आहे. आपल्याकडं कलेक्टर, तहसीलदार वरून नेमून येतात. टेक्सासात काउंटीचे कारभारी लोकच निवडतात आणि वस्ती लाखांची असो वा साठांची, सांगाडा तोच. एक काउंटी जज आणि चार कमिशनर मिळून ‘कमिशनर्स कोर्ट’ होतं. नाव कोर्टाचं असलं तरी रस्ते, अंदाजपत्रक, कराचा दर ही तिथली खरी कामं. जज वकील असावाच लागतो असंही नाही. शिवाय शेरीफ (पोलिसप्रमुख), क्लार्क, खजिनदार, सरकारी वकील हेही निवडूनच येतात. छोट्या काउंटीला कायदा थोडी सवलत देतो, की शेरीफनंच करवसुली पाहावी आणि एकाच क्लार्कनं काउंटीचं नि जिल्हा न्यायालयाचं असं दोन्ही दप्तर सांभाळावं. तरीही चौसष्टांत इतकी पदं म्हटल्यावर घरटी एखादा पदाधिकारी निघणारच. निवडणूक आली की भावकी मतदान केंद्रावर उतरते.

काउंटीला नाव मिळालं ऑलिव्हर लव्हिंग या गुरांच्या व्यापाऱ्याचं. 1867मध्ये पेकोसकाठी कोमांची आदिवासींच्या हल्ल्यात तो जखमी झाला आणि पुढं त्यातच वारला. काउंटीची हद्द आखली गेली 1887मध्ये. 1890च्या जनगणनेत इथं माणसं होती तीन. आणि तीनच वर्षांत स्वतंत्र कारभार मागणाऱ्या अर्जावर दीडशे ‘मतदारां’च्या सह्या! डेन्व्हरहून आलेल्या काही जणांनी कालवा कंपनीच्या नावाखाली हा उद्योग केला होता. निवडणूक झाली, पदं वाटली गेली. पुढं बिंग फुटलं आणि 1897मध्ये विधिमंडळानं काउंटीच मोडीत काढून शेजारच्या रीव्हज काउंटीला जोडून टाकली. 1931मध्ये ती पुन्हा उभी राहिली. टेक्सासात दोनदा स्थापन झालेली काउंटी ही एकच.

दुसऱ्या जन्माचं कारण तेल. 1920च्या दशकात ते सापडलं आणि माणसं आली. 1935मध्ये मेंटोनला कोर्टहाउस बांधून झालं. गावातलं लाकडी चर्च मात्र त्याच्याहून जुनं, दुसऱ्या गावाहून उचलून आणलेलं. या काळातलं मला आवडणारं नाव एडना रीड क्लेटन ड्यूइस यांचं. 1945मध्ये त्यांची शेरीफपदी नेमणूक झाली आणि मग त्या निवडूनही आल्या. निवडून आलेल्या टेक्सासच्या पहिल्या महिला शेरीफ त्याच. कमरेला पिस्तूल त्यांनी कधी लावलं नाही. अख्ख्या कारकिर्दीत अटका केल्या दोन.

तेल राहिलं, माणसं ओसरली. 1972मध्ये शाळा बंद झाली आणि मुलं शेजारच्या काउंटीतल्या विंकला जाऊ लागली. आता फ्रॅकिंगच्या (खडक फोडून तेल-वायू काढण्याच्या) लाटेनंतर रस्त्यावर टँकर-ट्रकची रांग, रात्री वायू जाळणाऱ्या ज्वाळा आणि कामगारांच्या तात्पुरत्या वसाहती. पण ते कामगार इथले मतदार नव्हेत. टेक्सासात वाहत्या विहिरीतलं तेल-वायू ही करपात्र मालमत्ता समजतात. त्यामुळं तिजोरी भरते ती जमिनीखालून, आणि तिच्या किल्ल्या मूठभर मतदारांच्या हातात.

अशा तिजोरीवर नजर जाणारच. 2000च्या दशकात सरकारची लुडबुड नको म्हणणाऱ्या एका गटानं इथं जमिनी घेऊन, मतदारयादीत नावं घालून सत्ता काबीज करायचा घाट घातला. शेरीफनं तो उधळला. पण भांडण फक्त बाहेरच्यांशी नाही. गुरं राखणाऱ्या घराण्यांतली बरीच मंडळी आता दुसरीकडं राहतात आणि मत मात्र इथं टाकतात. 2020च्या अध्यक्षीय निवडणुकीत इथं मतं पडली 66. ट्रम्प यांना 60, बायडन यांना 4. चौसष्टांत मुलंबाळंही आली, हे लक्षात घ्या.

हे सगळं बोगसच, असं म्हणायची घाई मी करणार नाही. टेक्सासच्या कायद्यात रहिवासी ठरतो तो कायमच्या घरावरून, आणि तात्पुरतं बाहेर गेल्यावर जिथं परतायचा इरादा आहे ते घर कायमचं. बापजाद्यांचं रँच इथं असलेला माणूस हा इरादा शपथेवर सांगतो. प्रतिपक्ष त्याच्या दुसऱ्या घरची विजेची बिलं पुढं करतो. दोन उमेदवारांच्या मतांत फरक पाच-सातचा असला, तर अख्खा निकाल त्या बिलांवर फिरू शकतो.